ओढ्याकाठची धाकटी कबर

लग्न होऊन मी वारूळवाडीच्या शिवारात आले तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. माहेर अवसरीचं, म्हणजे फार लांब नव्हे. पण माहेरचं घर गावात होतं आणि हे मळ्यात. चहूकडे ऊस आणि मधे आमची दोन पत्र्याची घरं. मोठ्या जाऊबाईंना मी अक्का म्हणायचे. सासूबाईंना आम्ही दोघी आत्या म्हणायचो.

पहिल्याच महिन्यात अक्का मला गवताला म्हणून घेऊन निघाल्या आणि ओढ्याकडच्या जुन्या आमराईत शिरल्या. आत दोन कबरी होत्या. कुणा गोऱ्या साहेबाच्या, असं लोक म्हणत. एक काळ्या दगडाचा छातीएवढा चौथरा, आणि त्याच्या पायथ्याशी दुसरी कबर, पाळण्याएवढी.

"तू शिकलेली हाईस. वाच की, काय लिवलंय."

मी शेवाळ नखानं खरवडलं. मोठ्या दगडावरची अक्षरं झिजून सपाट झाली होती. धाकट्यावर इंग्रजी एकच शब्द लागला.

"तान्हं बाळ, एवढंच हाय. नाव दिसत न्हाई."

"ठिवलंच नसंल," अक्का म्हणाल्या आणि पदरानं दगड पुसायला लागल्या.

गावातलं कुणी तिकडे फिरकत नसे. अमावस्येला कुणी तरी चौथऱ्यावर अंडं नि विडी ठेवून जाई, तेवढंच. मला मात्र ती जागा आवडायला लागली. दगड भर उन्हातही गार असे. नव्या सासरात घटकाभर कुणाच्या नजरेखाली नसणं हीच केवढी चैन होती. पुढे तर आम्हाला नादच लागला. जुन्नरच्या बाजाराला गेलो की गावाबाहेर कबरींवर बांधलेल्या मोठ्या घुमटात डोकावून यायचं. आत कुजबुजलं तरी आवाज वर फिरून दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा परत यायचा. चतुर्थीला ओझरला गेलो की दर्शन उरकून नदीकडे समाध्या बघत हिंडायचं. प्रत्येक ठिकाणी अक्का एकच विचारायच्या, "हितं ल्हानगं कुणी हाय का?" मला वाटायचं, बोलायची पद्धत असेल.

मग बिबट्याची वर्षं आली. आधी कुत्री जायला लागली. वस्तीवर एक कुत्रं उरलं नाही, तेव्हा रात्री किती शांत असतात ते कळलं. मग पलीकडच्या वाडीतलं एक पोर अंगणातून गेलं. त्याची आई हात धुवायला आत वळली होती, तेवढ्यात. त्यानंतर माणसं डबा बडवत शेताला जायला लागली. बाया घोळक्यानं पाण्याला जायच्या. अक्का आमराईत जायच्या थांबल्या नाहीत, आणि त्यांना एकटं सोडवेना म्हणून मीही जायचे.

एके दिवशी तिथं गेलो तर घाण वास मारत होता. शेळीचे केस सगळीकडे पसरले होते आणि एक खूर धाकट्या कबरीवर पडला होता. अक्कांनी काटकीनं तो खाली ढकलला.

"हितं कशाला टाकायचं," त्या उसाकडे बघून म्हणाल्या, शेजारणीला बोलावं तसं.

परत येताना मी चिडले. "अक्का, मरायचंय का? एवढं काय हाय तिथं तुमचं?"

त्या बांध चढून वर आल्या. मग म्हणाल्या, "माझं पयलं. पोरगा व्हता. दिवस मावळायच्या आत गेला. मी बाजेवर. आत्यांनी फडक्यात गुंडाळला, मामंजींनी नेला. कुठं पुरला ते मला न्हाई सांगितलं. आईनं इचारायचं नसतं म्हनले, मागून येणारं जगत न्हाई. मागून आलंच न्हाई काही."

 मी त्यांच्या डोक्यावरचा गवताचा भारा माझ्या डोक्यावर घेतला.

त्यानंतर काही दिवसांनी, टळटळीत दुपारी, आम्ही आमराईत शिरलो. साळुंक्या ओरडत होत्या त्या एकदम गप्प झाल्या. चौथऱ्यावर कुणीतरी घोंगडी वाळत टाकलीय असं मला वाटलं. घोंगडीनं मान उचलली. तिचं शेपूट धाकट्या कबरीवर लोंबत होतं.

अक्कांनी माझं मनगट धरलं. "पळू नको. वाकू नको."

तो सावकाश उठला, पलीकडे उतरला आणि उसात शिरला. आम्ही मागं सरत बांधावर आलो आणि घराकडे चालू लागलो. शेजारच्या उसाचे शेंडे हलत होते. ते लांब जात नव्हते, आमच्या बरोबरीनं चालले होते. ऊस संपला तिथं थांबले.

घरी आत्यांना सगळं सांगावंच लागलं. "परक्याच्या कबरीवर कशाला तडफडता गं? आपलं कोण हाय तिथं?"

"आपलं कुठं हाय ते दावा," अक्का म्हणाल्या. "मग न्हाई जात."

आत्यांच्या हातातली भाकरी थापायची थांबली.  तव्यावरची भाकरी करपली तरी कुणी उलटली नाही.

सकाळी ऊन वर आल्यावर आत्यांनी कोयता नि रिकामा डबा घेतला आणि म्हणाल्या, "चला." आमराईच्या उलट्या अंगाला, विहिरीच्या पुढे ओढा वळतो तिथं त्या थांबल्या. समोर भावकीतल्या एकाचा ऊस होता, दोन पुरुष उंच.

"हितं पडीक रान व्हतं. एक बाभळ व्हती. तिच्या बुडाला पुरून वर धोंडा ठिवला, कोल्ह्यानं उकरू नये म्हणून. जमीन सपाट केली तवा बाभळ गेली. धोंडा बी गेला असंल."

अक्का सरीत पाय टाकणार, तेवढ्यात आत्यांनी त्यांचा दंड पकडला. आत उसाचं वाळलेलं पाचट वाजलं होतं. वारा नव्हता. आत्यांनी डबा बडवला. आवाज थांबला, आणि परत झाला, आधीपेक्षा अलीकडे.

"डोकं कुठल्या बाजूला हाय?" अक्कांनी विचारलं.

"दक्षिणेला. चल आता, बाई. चल."

आम्ही उसाकडे तोंड करूनच मागं मागं सरकलो. आत्या डबा बडवत होत्या आणि रडतही होत्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघितलं.

अक्का पुन्हा आमराईत गेल्या नाहीत. पण रोज सकाळी त्या ओढ्याच्या वळणावर जाऊन बांधावर उभ्या राहायच्या, डबा न घेता. मला बरोबर येऊ द्यायच्या नाहीत. तो ऊस तुटेपर्यंत मी रोज दारात उभी राहून त्या वाटेकडे बघायचे, आणि त्या परत येताना दिसल्या की मगच चुलीवर चहा ठेवायचे.