कागदी टीम आणि जावई

आमच्या घणसोली गावात क्रिकेटचं वेड आलं ते जमिनी गेल्यावर. नव्वदनंतरची ती वर्षं. शेतं सरकारनं घेतली होती, पोरांच्या हातात मोबदल्याचा पैसा होता आणि थंडीत कापायला भात नव्हतं. मग खाडीकडच्या मोकळ्या पट्ट्यावर रोलर फिरवला, चुन्याच्या रेघा मारल्या, मंडप घातला, भोंगे लावले. गावोगावच्या टीम यायला लागल्या. टेनिसचा बॉल, आठ ओव्हरची मॅच, पहिलं बक्षीस बोकड.

माझा नवरा केमिकल कंपनीत कामाला होता. तो खेळायचा नाही. बघायचा, आणि बघितलेलं विसरायचा नाही. कंपनीच्या कँटीनमध्ये त्यानं आणि त्याच्या शिफ्टच्या लोकांनी एक खेळ काढला होता. मॅचच्या आधी दोन्ही टीमच्या पोरांतून अकरा जण निवडायचे आणि पुठ्ठ्यावर लिहून द्यायचे. त्या पोरांनी मॅचमध्ये जेवढे रन काढले तेवढे तुमचे गुण, विकेटचे वीस वेगळे. ज्याचे गुण जास्त तो जिंकला. याला कागदी टीम म्हणायचे. हा खेळ कंपनीतून गावात आला आणि बायका सोडून सगळी बापईमाणसं तो खेळायला लागली. मागाहून कोणी पुठ्ठा बदलू नये म्हणून टॉस झाला की कॉमेंट्रीवाला सगळ्यांच्या टीम भोंग्यावर वाचून दाखवायचा. तीच रीत पडली.

नवरा यात नेहमी पुढं असायचा. बाकीचे चांगला खेळणारा दिसला की घ्यायचे. हा तसं करत नसे. समोर बॉलर कोण, हे आधी बघायचा. अमका पोरगा सगळ्यांना धुतो, पण तमक्या बॉलरसमोर कितीदा खेळला आणि कितीदा आउट होऊन गेला, हे त्याला तोंडपाठ. मी चौथी शिकलेली बाई, मला त्यातलं फार कळत नव्हतं. मला एवढंच कळायचं की हा माणसाला ओळखत नाही, त्याचे आकडे ओळखतो.

आमची पोरगी नेरुळच्या अलीकडच्या एका गावात दिली होती. गावाचं नाव कशाला घ्या. जावई रेती-विटांचा सप्लायर, दारात मोटरसायकल, आणि त्यांच्या गावचा ओपनिंगचा बॅट्समन. दिसायला चांगला, बोलायला गोड. पण मानाचा फार भुकेला. आमच्याकडच्या एका हळदीला त्याला दुसऱ्या पंगतीला बसवलं गेलं. तो न जेवता उठला आणि गेला. त्या वर्षी पोरगी गणपतीला आली नाही. भाऊबीजेलाही नाही. आली ती शिमग्याला, आणि तेव्हा तिच्या दंडावर पिवळा पडलेला डाग होता. मी विचारलं तर म्हणाली, हंडा लागला.

मी नवऱ्याला सांगितलं. त्यानं विचारलं, "कितीदा?"

"कितीदा म्हंजे?"

"एकदाच दिसला ना डाग? एकदा झालं त्याचं काय धरायचं. हंडा पन लागतो कधी कधी."

हा त्याचा हिशोब.

पुढच्या थंडीत फायनलला दोनच गावं उरली. आमचं आणि जावयाचं. आमच्या आळीत एक टेम्पो चालवणारा पोरगा होता, डाव्या हातानं बॉल टाकायचा. जावई सगळ्यांना मारायचा, पण त्या डावखुऱ्यासमोर त्याचं काही चालत नसे. पाय तिकडे, बॅट इकडे. हे सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त कोणी तोंडावर बोलत नव्हतं.

फायनलच्या सकाळी पोरगी माहेरी आलेली होती. मॅच संपली की जावई जेवायला येणार, म्हणून मी मटणाचं वाटण वाटत होते. नवरा ओटीवर पुठ्ठा घेऊन बसला होता. मी हात धुऊन बाहेर आले आणि बघितलं. अकरा नावांत जावई नव्हता.

"पावन्यांना घेतला नाय?"

"डावखुरा पयली ओव्हर टाकतो. पावने त्याला चार वेला खेलले, चारी वेला गेले. दोन वेला तर पयल्याच बॉलला."

"हे भोंग्यावर वाचनार हायत."

"वाचूंदे. खेल हाय तो."

"त्याला खेल वाटनार नाय. एक नाव घाल नि हर. काय बिघडलं?"

"मुद्दाम हरायला कागद भरू? गावात माझी काय पत हाय का नाय?"

आतून पोरगी आली. पिठाचे हात तसेच. ती बापाला म्हणाली, "बाबा, घाला ना त्यांना." आवाज एवढा बारीक की मला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. बाप म्हणाला, "बाय, तू भाकऱ्या कर." आणि पुठ्ठा घेऊन निघून गेला.

आमचं घर मैदानापासून लांब नाही. भोंगा दारातच वाजतोय असं वाटायचं. टॉस झाला, आणि कॉमेंट्रीवाल्यानं टीम वाचायला घेतल्या. एकेकाचं नाव, मग त्याचे अकरा. जावयाचं नाव बहुतेकांनी घेतलं होतं. एक तर पाहुणा, दुसरं बोलबाला. मग माझ्या नवऱ्याची टीम आली. अकरा नावं वाचून कॉमेंट्रीवाला थांबला. त्याला गप्प बसवत नाही, हेच त्याचं काम. म्हणाला, "आणि बघा मंडळी, सासरेबुवांनी जावयालाच बाहेर बसवलं. सासरेबुवांचा अभ्यास पक्का हाय." मैदानावर हशा झाला. तो हशा आमच्या चुलीपर्यंत आला. पोरगी भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत. भाकरी मात्र तव्यावर करपली, तिनं ती उलटलीच नाही.

मी देवाला कशासाठीही त्रास देत नाही. त्या दिवशी मात्र आमच्याच गावच्या पोराचा बॉल वाकडा पडावा असं मनात आलं. जावयानं दोन सिक्सर मारले असते तर तोच सासऱ्याला हसला असता, दोन घास जास्त जेवला असता.

पहिली ओव्हर. तिसरा बॉल. भोंगा किंचाळला, आमच्या आळीतली पोरं ढोल वाजवायला लागली. जावई गेला होता, डावखुऱ्यानंच घेतला. नवऱ्याचा हिशोब बरोबर निघाला. मॅच आम्ही जिंकलो, कागदी टीममध्येही नवराच जिंकला, त्याच्या गळ्यात हार घालून मंडपात फिरवला.

मला वाटलं होतं जावई जेवायला येणार नाही. तो आला. पाय धुतले, पाटावर बसला, हसला. मला तो रागानं आला असता तर बरं वाटलं असतं.

"मामी, मटन मस्त झालंय."

"घ्या अजून."

"बस. पोट भरलं." मग सासऱ्याकडे न बघता म्हणाला, "मामा, आकडे बरोबर होते तुमचे."

नवऱ्याला ते खरंच कौतुक वाटलं. म्हणाला, "पावने, डावा पाय जरा उघडा ठेवा त्याच्यासमोर. पुढच्या वेलेस बगा."

"बगतो ना. मी पन हिशोब ठेवतो, मामा. या घरात मी कितीदा आलो नि कितीदा मान भेटला." ताटात हात धुतला. "तुमच्याएवढं तोंडपाठ नाय, पन हाय लक्षात."

पोरगी दारामागे पदर खोचून उभी होती. त्यानं हाक मारली नाही, नुसती चावी वाजवली. ती लगेच चपला घालायला लागली. दोन दिवस राहणार होती. मी म्हटलं, "पिशवी भरली नाय अजून." ती म्हणाली, "राहूंदे, आये." मोटरसायकलवर बसताना तिनं मागं बघितलं नाही.

मग वर्षभर निरोपच. खाडीकडून मासळी घेऊन येणारी बाई सांगायची, बरी हाय तुमची बाय, जरा वाळली. गणपती गेले, दिवाळी गेली. नवरा पुढं पुढं अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायला लागला.

परत थंडी आली, मैदानावर रोलर फिरायला लागला, आणि एका दुपारी पोरगी एकटी आली. म्हणाली, ते सानपाड्याला कामाला गेलेत, येताना मला घेऊन जातील. आम्ही ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसलो. नवरा बाजूला नवा पुठ्ठा घेऊन बसला होता. जावई त्या साली खेळत नव्हता, बॅट सोडली होती. तरी नवऱ्यानं पहिलं नाव त्याचंच लिहिलं होतं.

पोरीनं एकदम हात थांबवला.

"आये, आज त्यांच्याशी मॅचचं काय बोलू नका."

"अजून तो दारात पन नाय आला."

"गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद केली त्यांनी. ढकलत आनतायत. हॉर्न मारत आले की चांगले असतात. ढकलत आनली की नाय." शेंगेतला दाणा तिनं टोपलीत टाकला. "वालात मीठ कमी असलं तरी हात उचलायला पुरतं मग. हा हिशोब कधी चुकत नाय."

मी नवऱ्याकडे बघितलं. मला वाटलं आता विचारेल, कितीदा. त्यानं विचारलं नाही. पुठ्ठा उलटा करून चटईखाली सरकवला.

जावई दारात आला. गाडीला हात तसाच. म्हणाला, "चल."

मी पोरीच्या हातातली टोपली घेतली आणि तिच्या आणि जावयाच्या मध्ये बसले. "बाय आज येनार नाय," मी म्हटलं.

"उद्या?"

"उद्याचं उद्या."

तो सासऱ्याकडे बघत उभा राहिला. नवरा उठून माझ्या बाजूला येऊन बसला. जावयानं मान हलवली, जसं काही एक आकडा मनात टिपून घेतला. मग गाडी वळवली आणि ढकलतच निघाला.

आम्ही तिघं ऐकत बसलो. गाडी सुरू झाल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.