कुंकवाच्या दगडाखालचं थोरियम

जालना जिल्ह्याच्या पोटात युरेनियम नाही. थोरियमही नाही. खाली थरावर थर काळा बसाल्ट, आणि या दोन मालांच्या बाबतीत इतका भिकारी खडक शोधून सापडायचा नाही. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. तरीही ऐंशीच्या दशकात अणुखनिजं शोधणाऱ्या आमच्या खात्याच्या नकाशावर घनसावंगीच्या अलीकडे एक लाल टिंब उमटलं. ते टिंब माझं. आजवर हे बायकोलाही बोललो नाही.

काम सरळ होतं. मोठे साहेब जीपमध्ये बसायचे आणि मी किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र गळ्यात अडकवून वावरं तुडवायचो, वहीत ‘काही नाही’ लिहून आणायचो. ‘काही नाही’ हेसुद्धा नीट मोजून लिहावं लागतं; त्यासाठीच सरकार पगार देतं. यंत्र जिवंत आहे का हे बघायला रोज सकाळी त्याच्यापुढे गॅसबत्तीची मेंटल धरायची. बत्तीत पेटणारी ती पांढरी जाळी. तिच्यात थोडंसं थोरियम असतं. टिकटिक झाली की दिवस सुरू.

त्या दिवशी ज्या वावरात उतरलो, तिथे आठवड्याआधी पाणाड्या येऊन गेला होता. तळहातावर नारळ आडवा धरून तो फिरला, एका जागी नारळ उभा राहिला, तिथे कुंकू लावलेला चपटा दगड मांडला. विहीर इथे. मी मनातल्या मनात खूप हसलो. शिकलेला ना मी! मग यंत्र तपासलं, वारा होता म्हणून मेंटलचं पाकीट त्याच दगडाखाली सारलं आणि विसरलो.

दुपारी परतताना दगडापाशी यंत्र कडकड वाजायला लागलं.

मोठे साहेब जीपमधून स्वतः उतरले. ही घटना थोरियमपेक्षा दुर्मिळ. चारदा मोजलं, चारदा वाजलं. दगड उलटून बघावा हे दोन भूशास्त्रज्ञांपैकी एकालाही सुचलं नाही. कुंकवाला बूट कसा लावायचा?

“खोदकाम बंद,” साहेब शेतकरी काकांना म्हणाले. “वरून पत्र येईपर्यंत हात लावायचा नाही.”

“काय निघालं साहेब? सोनं का?”

“त्याच्याहून भारी.”

काकांची बायको दोन शेतं पलीकडच्या विहिरीवरून डोक्यावर घागर घेऊन येत होती. ती थांबली. “भारी आसंल. पाणी हाय का त्याच्यात?”

आम्ही दोघं वहीतले आकडे जुळवत जीपकडे निघालो.

दोन दिवस मोजणीला सुट्टी; साहेब राजूरच्या गणपतीला जाऊन आले, कचेरीत पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी यंत्र तपासायला पिशवीत पाकीट सापडेना, तेव्हा तो दगड आठवला. एकटाच गेलो, दगड उचलला. पाकीट जागेवर. ते खिशात घातलं आणि दगड पुन्हा होता तसा ठेवला, कुंकू वर करून. श्रद्धा म्हणून नव्हे, कुणी उचलला हे कळू नये म्हणून.

सांगता आलं असतं. पण पेढा खाऊन झाला होता, साहेबांचं पत्र वर गेलं होतं. उद्या सांगू, उद्या सांगू, करता करता माझी बदली झाली. वरच्यांनीही पहिल्या वर्षाचं पुस्तक वाचलं असावं; कागद बाजूला पडला. ‘खोदा’ असं कळवायचं काम मात्र कुणाचंच नव्हतं.

दोन हजार सालानंतर कधीतरी वडीगोद्रीला काम निघालं, तेव्हा पाय तिकडे वळले. काका थकले होते. दगड तिथेच होता, कुंकू ताजं. दुसऱ्या कोपऱ्यात विहीर खोदून पाहिली होती. नुसता कातळ, थेंब नाही. त्यांच्या बायकोनं, मावशींनी, तांब्याभर पाणी दिलं. मी आधी ते सगळं प्यालो, मग सगळं सांगितलं.

“मंग तवाच का न्हाई बोलले?” काकांनी विचारलं.

“लाज वाटली.”

“अन् आम्ही गावभर सांगून राह्यलो, आमच्या वावरात दिल्लीचा माल हाय म्हणून! आता कुठं बोलू नका साहेब. लोक हासतील.”

“लोकाचं ऱ्हाऊ द्या,” मावशी म्हणाल्या. “ह्या साहेबाच्या जाळीपायी घागरी वाहून माझ्या टाळूचे केस गेले.” त्या आत गेल्या आणि कुदळ आणून माझ्यापुढे टाकली. “उठा.”

दगड मी बाजूला केला. उतार, मुरूम, बांधाच्या कडेला उघडा पडलेला लाल मातीचा थर: पाणी असलं तर इथेच, हे मला तेव्हाही पहिल्या नजरेला दिसलं होतं. हे कुणाला सांगितलं नव्हतं. तिथे उभं राहून तेही सांगितलं. काकांनी मान फिरवली.

गुडघाभर खणेपर्यंत तळहाताला फोड आले. दम घ्यायला उभा राहिलो, तर मावशी खड्ड्यात डोकावल्या.

“वाजून राह्यलं का काही?”

“नाही.”

“मंग थांबले कशाला?”