अप्पांसाठी शांत, पण फिरता मासा

समुद्राच्या पाण्याची टाकी घरात ठेवली की काचेच्या वरच्या कडेवर मीठ जमत जातं. सकाळी फडक्यानं पुसावं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरी रेघ हजर. आमच्या टाकीचे किस्सेही असेच जमलेत. एक सांगून संपवावा, तर ऐकणारा विचारतो, "मग पुढं?" आणि दुसरा निघतो. कर्नाटकातल्या आमच्या आळंदहून समुद्र गाठायचा तर अख्खा दिवस प्रवासात जातो. तिथं, त्यातही आमच्यासारख्या लिंगायताच्या घरात, माशांची टाकी आली कशी, इथूनच सुरू करते.

*

माझे अप्पा तुरीचे आडते. मागच्या हंगामात भर लिलावात त्यांच्या छातीत कळ आली. कलबुर्गीला नेलं, स्टेंट बसवला, घरी आणलं. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं. अप्पा मात्र उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेनात. पुढच्या खोलीत खुर्चीत बसून राहायचे, हात छातीवर. हात काढला तर आतलं थांबेल, अशी त्यांना भीती.

"अप्पा, कोपऱ्यापर्यंत तरी चला."

"आन् कोपऱ्यावर काही झालं म्हणजे?"

मग मी चिडायचे. माझी चिडचिड बघून ते आणखी घाबरायचे.

तपासणीला मात्र जावंच लागायचं, दारात गाडी लावून. डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती. तिच्यासमोर बसल्यावर अप्पांचा हात हळूच गुडघ्यावर आला. नंबर लागेपर्यंत तिथंच राहिला. आत बोलावलं तसा परत छातीवर गेला.

मी त्याच दिवशी ठरवलं. टाकी घ्यायची.

*

माझ्या अटी तीन. मासा शांत हवा, कारण मारामारी बघून अप्पांचं बीपी वाढायला नको. फिरता हवा, कारण तो सतत दिसला पाहिजे. आणि टाकीत जन्मलेला हवा, कारण काही ठिकाणी समुद्रात विषारी औषध सोडून मासे धरतात हे वाचल्यापासून माझं डोकं तापलेलं होतं.

कलबुर्गीतले दुकानदार खाजाभाई तिन्ही अटी ऐकून म्हणाले, "बेटी, मछली चाहिए कि दामाद?"

*

खाऱ्या पाण्याच्या टाकीत लगेच मासे सोडता येत नाहीत. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू पाण्यात आधी वाढू द्यावे लागतात. त्याला महिना-सव्वा महिना लागतो. तोवर नुसतं पाणी, दगड, वाळू आणि वर पेटलेला दिवा.

शेजारचे मल्लण्णा रोज चहाला येतात. त्यांनी चष्मा पुसून पुसून आत बघितलं.

"मासे कुठायत?"

"सध्या पाणीच पाळायलाव," माझी आई, अव्वा, म्हणाली.

माझ्याच्यानं महिना निघेना. अप्पा रोज तसेच बसलेले दिसत होते ना! बाराव्या दिवशी मी एक मासा आणून सोडला. दुसऱ्या सकाळी तो वाळूवर आडवा पडला होता, कल्ले भराभर हलत होते. मग हलायचे थांबले. अप्पा खुर्चीतून सगळं बघत होते.

"काय झालं त्याला?"

खोटं बोलणं मला जमत नाही. "माझी चूक झाली, अप्पा. मी घाई केली."

"बघ," अप्पा म्हणाले. "मग मलाबी घाई करू नको."

त्यानंतर पंधरा दिवस मी त्यांच्यासमोर चालण्याचा विषय काढला नाही.

*

पाणी तयार झालं आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउन मासे आले. टाकीतच जन्मलेले, गरीब. पण ते एकाच कोपऱ्यात डुलत राहायचे. अप्पा म्हणाले, "हे बी माझ्यासारखे बसूनच हायत."

म्हणून मी फिरता मासा विचारला. खाजाभाईंनी गडद निळा, दोन बोटं लांबीचा दाखवला. "एकदम शरीफ. किसीसे लेना नै, देना नै."

तो फिरता होता, यात शंका नाही. पहिल्या दिवशी त्यानं टाकी पाहिली. दुसऱ्या दिवशी मधला दगड ताब्यात घेतला. तिसऱ्या दिवशी दोन्ही क्लाउन वरच्या कोपऱ्यात काचेला चिकटून थरथरत होते आणि एकाची शेपटी फाटली होती. अप्पांनी खुर्ची ओढून भिंतीला लावली आणि जेवण नको म्हणाले.

त्याला पकडायला सगळे दगड बाहेर काढावे लागले. अव्वानं परात धरली, मी जाळी धरली, मल्लण्णांनी सूचना दिल्या. तासाभरानं तो पिशवीत आला. पिशवीतूनही माझ्या बोटावर धावून येत होता.

अप्पा इतक्या दिवसांत पहिल्यांदा व्यवसायातलं बोलले. "असले लय बघितलेत आडतीत. पहिल्या दिवशी नमस्कार करत्यात."

*

पुढचा शांत निघाला. इतका, की दगडाखालच्या बिळात गेला तो बाहेरच येईना. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस.

"मेलाय त्यो," अप्पा म्हणायचे. "तुम्ही मला सांगंनाव."

"न्हाई ओ, आत हाय," अव्वा म्हणायची.

"मग दिसंना कामून?"

अव्वा बॅटरी घेऊन टाकीसमोर मांडी घालून बसायची. अप्पांना भाकरी गिळवेना. नाडी मोजायला त्यांनी सुरुवात केली, दर अर्ध्या तासाला, घड्याळाकडं बघत. मी खाजाभाईंना फोन करून ओरडले. ते म्हणाले, "उसका सुभावच वैसा है बेटी."

पाचव्या दिवशी बिळातून फक्त डोकं बाहेर आलं. दोन वटारलेले डोळे. मल्लण्णांनी चहाची बशी खाली ठेवली, तेवढ्या आवाजानं परत आत.

अव्वानं बॅटरी बंद केली. "तुम्ही दोघं एकसारखेच," ती अप्पांना म्हणाली. "दारातनं डोकं काढायचं आन् परत आत."

मल्लण्णा हसले. अप्पा हसले नाहीत. मीही हसले नाही.

*

माशांच्या खाण्यावरून आमच्या घरात खरी परीक्षा झाली. देवघरात रोज लिंगपूजा होते, कांदासुद्धा सणावाराला चालत नाही, आणि या माशांना कोळंबी लागते. गोठवलेली कोळंबी दुधाच्या फ्रिजमध्ये ठेवायची म्हटल्यावर अव्वानं माझ्याकडं असं बघितलं की मी वाक्य अर्धवट सोडलं. मग कोरड्या गोळ्यांचा डबा आला. तीन दिवस माशांनी तोंड लावलं नाही. टाकीत जीव उपाशी आहेत म्हणून अव्वा स्वतः जेवताना टाकीकडं पाठ करून बसायला लागली.

चौथ्या दिवशी तिनंच डबा उचलून आणला. "ह्यात काय काय घातलंय?"

मी चष्मा लावून वाचायला लागले. "माशाचं पीठ..."

"वाचून दाखवू नको. फक्त सांग, ह्याच्यापेक्षा चांगला मिळतोय का?"

*

मे महिन्यातली दुपार. अकराला लाईट गेली ती येईना. टाकीचा पंप बंद, पाणी कोमट. एकापर्यंत सगळे मासे वर येऊन तोंडं उघडमिट करायला लागले. बिळातलासुद्धा बाहेर आला. त्याला पूर्ण पाहायची इतके दिवस वाट बघितली होती. आता दिसला, तोही तोंड उघडमिट करताना.

इन्व्हर्टर मी कॉलेजच्या दिवसांपासून घ्या घ्या म्हणत होते. पण ते बोलायची ही वेळ नव्हती. टाकीतलंच पाणी लोट्यानं उंचावरून परत सोडलं की त्यात हवा मिसळते. मी तेच करत होते. अर्ध्या तासात माझा हात भरून आला.

"बाजूला सर," अप्पा मागून म्हणाले.

"अप्पा, तुम्ही नको. ताण पडेल."

"सर म्हणलं न्हवं!"

त्यांनी लोटा घेतला. भरायचा, उचलायचा, बारीक धारेनं सोडायचा. आम्ही दोघं आळीपाळीनं करत राहिलो. घामानं त्यांची बंडी पाठीला चिकटली होती आणि मी पाण्याकडं कमी, त्यांच्या चेहऱ्याकडं जास्त बघत होते. चारला लाईट आली. एकही मासा गेला नाही. अप्पांनी घड्याळाकडं बघितलं आणि दचकले. दुपारभर नाडी मोजायची राहूनच गेली होती.

दुसऱ्या सकाळी हाक आली. "गौरे, हात दुखायलाय."

अव्वा भिंत धरून उभी राहिली. मी डॉक्टरांना फोन लावला, पलीकडून पहिलाच प्रश्न आला, कोणता हात?

"कोणता हात, अप्पा?"

"लोट्याचा."

*

आता शेवटचा. हा मी फारसा सांगत नाही.

शांत पण फिरता मासा अजून मिळालेला नव्हता. माझी यादी तयार होती, खाजाभाईंशी फोनवर दोन महिने वाद चालू होता. त्यांनी एकाचं नाव घेतलं की मी विचारायचे, "टाकीतला की समुद्रातला?" आणि ते फोन ठेवायचे. अप्पा हे सगळं खुर्चीतून ऐकायचे.

एका सकाळी मी अंघोळ करून आले तर खुर्ची रिकामी होती. न्हाणीत नाहीत. मागच्या अंगणात नाहीत. मोबाईल खुर्चीवरच. दाराबाहेरच्या चपला नाहीत.

अव्वा देवघरातून आली, खुर्ची बघितली आणि जिथं होती तिथंच खाली बसली.

मी अनवाणी धावले. आडत बाजार, दवाखाना, मठ. मल्लण्णा मोटरसायकलवर तलावापर्यंत जाऊन आले. कुणी म्हणालं, सकाळी बसस्टँडकडं जाताना दिसले. कुणी म्हणालं, न्हाई, ते दुसरेच. रस्त्याच्या कडेला कुठं चार माणसं गोळा झालेली दिसली की मी गर्दीत घुसायचे. एकदा भाजीची गाडी होती, एकदा नुसतं भांडण. ज्या कोपऱ्यापर्यंत चला म्हणून मी वर्षभर त्यांच्या मागं लागले होते, त्या कोपऱ्यावर उभी राहून मी रडले.

साडेबाराला खाजाभाईंचा फोन आला. त्यांना मी बोलूच दिलं नाही. "भाई, बाद में, अप्पा घर में नहीं हैं."

"वोइच बोल रा हूं बेटी. सुबह से हमारे पास थे. दो घंटे एकच टाकी के सामने खडे रहे. कुर्सी दिया तो बैठे नै. अब्बी बस में बिठाया."

स्टँडवर मी आणि मल्लण्णा उभे होतो. कलबुर्गीची बस आली. सगळे उतरले. मग शेवटी अप्पा, एका हातानं दांडी धरून एकेक पायरी. दुसऱ्या हातात ओल्या टॉवेलात गुंडाळलेली पिशवी. पिशवीत बोटभर लांबीचा, हिरवट निळा मासा, इकडून तिकडं, तिकडून इकडं. माझ्या यादीत तो नव्हता.

"अप्पा, सांगून जायचं न्हाई का? सकाळपासून आम्ही कुठं कुठं..." माझा आवाज अख्ख्या स्टँडला ऐकू जात होता.

अप्पांनी पिशवी टॉवेलात झाकून घेतली.

"हळू बोल," ते म्हणाले. "भ्यालंय ते."