अर्धी भादरलेली हस्की

टेबलावर हस्की, म्हणजे बर्फातल्या जातीची केसाळ कुत्री, उभी होती आणि तिची डावी बाजू गायब होती. म्हणजे बाजू होती, केस नव्हते. नुसती गुलाबी कातडी, त्यावर लाल पट्टे. उजवीकडं मात्र फुल्ल थंडीचा ड्रेस.

मी जनावरांची डॉक्टर. क्लिनिकमध्ये ग्रूमिंगपण मीच बघते.

मालक हिंदुरावमामा, म्हशीवाले. शांतपणे म्हणाले, "मॅडम, मशीन अडकलं हो. दुसरी बाजू तेवढी उरकून द्या की."

"मामा, कुणी केलं हे?"

"मीच. दिवाळी पाडव्याला म्हशींची मिरवणूक असती, तवा म्हशी भादरतो की दरसाल. उन्हाळ्यात जीव तडफडाय लागला हिचा, म्हटलं हिलाबी भादरावी."

भादरणं म्हणजे अंगावरचे सगळे केस तुळतुळीत काढणं. म्हशीला चालतं. तिचे केस मुळातच विरळ, कातडी काळी आणि जाड. हस्कीचं तसं नाही. तिला दोन थर असतात. वरचे लांब राठ केस ऊन-पाणी अडवतात. खाली कापसासारखा मऊ थर. मशीन अडकलं ते त्या कापसात.

"म्हणून दुसरी बाजू काढायची नाही," मी म्हटलं. "ऊन डायरेक्ट कातडीला लागतं. हे लाल पट्टे दिसत नाहीत का?"

"मग मेंढीची लोकर काढत्यात ती? ती काय जळती व्हय?"

"मामा, लोकर वाढतच राहते, म्हणून कातरावी लागते. तीपण मुळापासून नाही काढत, थोडी ठेवतात. हिचे केस ठरावीक वाढतात आणि आपोआप गळतात. नुसते विंचरायचे."

"ऐतवारी पोरीला बघायला पावणं येत्यात. दारात असलं ध्यान बांधू?"

दुसरी बाजू काढा म्हणायची ही तिसरी वेळ. क्लिनिक ज्यांचं, त्या बाहेर गेलेल्या सरांना मी फोन लावला. सर म्हणाले, "कस्टमर नाराज करू नकोस." मी फोन ठेवला आणि कंगवा घेतला. उजव्या बाजूनं एवढा कापूस निघाला की पिशवी भरली. हस्की गार फरशीवर आडवी पडली. धाप कमी झाली.

मामा पिशवीत हात घालून बघत बसले. "एवढं आत हुतं?"

"हेच काढायचं होतं. वरचं नाही."

डाव्या बाजूला मलम लावलं आणि सांगितलं, दिवसा सुती टी-शर्ट घाला.

सोमवारी मामांचा फोन. त्यांनी हस्कीला पोराच्या तालमीच्या फुटबॉल संघाची जर्सी घातली होती. पाव्हण्यांनी पोरीला दोन प्रश्न विचारले, बाकी सगळा वेळ कुत्र्याची चौकशी. लग्न जमलं.

डावीकडं आत्ता कुठं कापूस आलाय. राठ केसांचा अजून पत्ता नाही, कधी येतील सांगता येत नाही. उन्हातली जर्सी चालूच आहे.

आता ग्रूमिंगसाठी कुणाचा फोन आला की मी कुत्र्याची जात नंतर विचारते. आधी विचारते, घरी म्हशी हायत का?