सिस्टरला सांगते

"ग्लोव्हज काढ आणि फरशी पूस."

बाळ अजून माझ्या हातात होतं. नाळ कापलेली नव्हती. लेकरानं नुकता टाहो फोडला होता, त्या टाहोतच मॅडमचा आवाज आला. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणाल्या. मी वर बघितलं. त्या माझ्याकडंच बघत होत्या.

"ऋतुजा, तू पुढं ये. नाळ तू काप. केस तुझ्या बुकात लिही."

ऋतुजा माझ्याच वर्गातली. आमची नर्सिंगची शाळा ज्या संस्थेची, तिच्या सचिवांची पुतणी. बोरीहून आलेल्या त्या बाईजवळ मी सकाळपासून उभी होते. तिची पाठ चोळली, तिला पाणी पाजलं, तिनं माझं मनगट धरून नखं रुतवली ती सोसली. डोकं दिसायला लागलं तवा हाताचा आधार मी दिला. ऋतुजा खिडकीत मोबाइल बघत होती. ती आली, तिनं ग्लोव्हज चढवले. मी बाळ तिच्याकडं दिलं.

मॅडम ड्यूटीवरच्या सिस्टरना म्हणाल्या, "हिला काय, सवयच आहे. चार वर्षं पोछाच मारलाय हिनं."

सिस्टर हसल्या. ऋतुजा हसली. कॉटवरची बाई, तिला काय कळलं कुणास ठाऊक, तीपण दमलेली हसली.

मीही हसले. हे सांगायला सगळ्यात जड जातं. मी हसले, "हो मॅडम" म्हणाले आणि बादली आणायला गेले.

किनवटच्या पुढं डोंगरात आमची वाडी. मी आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकले. मग आई लकव्यानं पडली. तिचं अंग पुसायला, तिला कुशीवर वळवायला घरात दुसरं कोण होतं? शाळा सुटली ती सुटलीच. आई गेली तवा मी सतरा वर्षांची होते. ओळखीच्या एका बाईनं परभणीला आणून दवाखान्यात कामाला लावलं. मावशी म्हणून.

दवाखान्यात बायांचे दोनच प्रकार. एक सिस्टर, एक मावशी. सिस्टरच्या छातीवर नावाची पट्टी असते. मावशीला नाव नसतं. सत्तर वर्षांची म्हातारी सतरा वर्षांच्या पोरीला "ओ मावशी, भांडं द्या" म्हणते. सिस्टर सुई देते. मावशी उलटी पुसते. पेशंटच्या अंगाला हात सिस्टरनं लावायचा. पेशंटनं काही विचारलं तर मावशीनं एवढंच म्हणायचं, "सिस्टरला सांगते." हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं गेलं आणि ते माझ्या जिभेवर पक्कं बसलं.

मॅडम तिथल्याच नर्सिंग शाळेच्या ट्यूटर. एकदा मी औषधाच्या ट्रेवरची नावं पुटपुटत होते. त्यांनी ऐकलं. "वाचता येतं का गं तुला?" मी घाबरून ट्रे खाली ठेवला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला. शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देतात तो. पुस्तकं त्यांनी दिली. दहावी झाली. मग बारावी, तीही तशीच. मग एएनएमच्या नर्सिंग कोर्सला प्रवेश. कागदपत्रांसाठी कचेरीत माझ्यासोबत त्या उभ्या राहिल्या. होस्टेलात कॉट मिळवून दिली.

हे सगळं खरं आहे. एक अक्षर खोटं नाही. मॅडम नसत्या तर मी आज कुठं असते, मला विचार करवत नाही. दोन वर्षं रोज सकाळी त्या दिसल्या की माझे हात आपोआप जुळायचे.

त्यांनी बदल्यात काही मागितलं नाही. फक्त कुणी मावशी रजेवर गेली की वर्गातून मला हाक यायची. "बाकीच्या मुलींना जमणार नाही गं. तू समजूतदार आहेस." मी विद्यार्थिनीच्या युनिफॉर्मवर प्लॅस्टिकचा एप्रन बांधायची आणि जायची. पेशंट गोंधळायचे. सिस्टर म्हणावं का मावशी? एप्रन बघून मावशीच म्हणायचे.

छबूमावशी माझ्या आधीपासून तिथं कामाला. तिच्या जिभेला हाड नाही. एकदा संडास धुताना म्हणाली, "काय गं ए शिकलेली, अंगावर नवा कपडा आला तरी झाडू सुटंना व्हय तुझा?"

"मॅडमचे लय उपकार आहेत, मावशे."

"हायेत की. तिनं तुला सिस्टर केलं म्हून नाचायलीस. आगं येडे, तिनं बिनबोलाची मावशी तयार केली. आमी निदान कुरकुर तरी करतोत."

मला तिचा राग आला. आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

आम्हाला वीस बाळंतपणं आपल्या हातानं करावी लागतात. प्रत्येक केस रेकॉर्ड बुकात लिहायची, खाली ट्यूटरची सही घ्यायची. वीस भरल्या नाहीत तर परीक्षेचा फॉर्म जात नाही. परीक्षा नाही तर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नाही, नोंदणी नाही तर नोकरी नाही. बाकीच्या पोरींचं केव्हाच झालं होतं. माझ्या बुकात एकोणीस. बोरीच्या बाईची धरली असती तर वीस. ऋतुजाच्या सहज पंचवीसच्या वर होत्या.

मानवतच्या एका छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला शब्द दिला होता. परीक्षा होऊ दे, लगेच ये. मी तयारीला लागले होते. ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती कशी द्यायची, ते होस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालता घालता मोठ्यानं म्हणून बघायची. कॉट नंबर दोन, पहिलटकरीण, नाडी बरोबर, रक्तस्राव बेताचा. शेजारच्या गच्चीवरची बाई म्हणायची, "कोणाला भाषण ठोकायलीस गं?" मी लाजून खाली यायची.

फॉर्म सोमवारी जाणार होते. त्याच्या आधीच्या शुक्रवारी पुढचं सगळं घडलं.

शनिवारी पहिल्या वर्षाच्या मुलींचा शपथविधी होता. पांढरे कपडे, हातात दिवे, पाहुणे. मोठ्या वर्गातली म्हणून ऋतुजा पुढं उभी राहून शपथ सांगणार होती. शुक्रवारी दुपारी खाली हॉलमध्ये तिची तालीम. त्याच दुपारी पेडगावची एक बाई बाळंत झाली. पहिलटकरीण. मुलगी झाली. केस ऋतुजाची, सोबत ड्यूटीच्या सिस्टर होत्या. मला मॅडमनी बाहेरूनच वळवलं.

"पाहुणे याच जिन्यानं येणार उद्या. लखलखीत पाहिजे. आणि आत घुटमळू नको, ती ऋतुजाची केस आहे."

"मॅडम, माझी एक कमी पडते."

"बघू. जिना आधी."

आम्हाला पहिल्या महिन्यापासून शिकवलेलं असतं. ज्याची केस, त्यानं बाळंतपणानंतर दोन तास हलायचं नाही. दर पाव तासाला नाडी. पोटावर हात ठेवून गर्भाशय कडक लागतं का ते बघायचं. पॅड किती भिजलं ते बघायचं. बाळंतिणी मरतात त्या याच दोन तासांत. हे मला येत होतं. झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं.

ड्यूटीच्या सिस्टरना एका सिझरसाठी ऑपरेशन थिएटरला बोलावणं आलं. थोड्या वेळानं ऋतुजाला खालून हाक आली. ती जिन्यानं उतरली. ओल्या पायरीवरून जपून, माझ्या खांद्याला धरून उतरली.

मी पाणी बदलायला वर गेले. लेबर रूमचं दार उघडं होतं. कॉटजवळचं स्टूल रिकामं. मी बघितलं. बघून पुढं गेले.

परत येताना पेडगावच्या बाईची आई दारात उभी. तिनं बाळाला छातीशी धरलेलं. माझा एप्रन बघून म्हणाली, "मावशे, लेकीला लय गार लागायलंय. घाम बी यायलाय. जरा बघ ना बाई."

गार लागणं. घाम. बाळंतपणाला तास झालेला नाही. याचा अर्थ काय, हे मला माहीत होतं. आत चार पावलं. चादर उचलायची, पोटावर हात ठेवायचा, चोळायचं, ओरडायचं. एवढंच.

मी म्हणाले, "सिस्टरला सांगते."

आणि खरंच सांगायला गेले. जिना उतरून हॉलमध्ये. तिथं मुली ओळीत उभ्या. ऋतुजा शपथ वाचत होती, मॅडम समोर बसलेल्या. मध्येच कसं बोलावं म्हणून मी दाराशी थांबले. ती ओळ संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "मॅडम, वर बाळंतिणीला गार लागतंय."

"येते म्हणावं. जिना झाला का?"

"होत आलाय."

मी जिन्यावर परत गेले. चार पायऱ्या पुसल्या. त्या चार पायऱ्या मी पुसल्या, हे मला कुणाच्या नावावर टाकता येत नाही. पाचव्या पायरीवर असताना वरून त्या आईची, बाळाच्या आजीची, किंकाळी आली.

मग मी पळाले. चादर उचलली. गादी भिजून रक्त खाली ठिबकत होतं. मी पोटावर हात ठेवला, आत मऊ पिशवी लागली. चोळत राहिले, ओरडत राहिले. सगळे आले. सुया, सलाइन, धावपळ. तिला नांदेडला हलवलं. ती वाचली. गर्भाशय काढावं लागलं. तेवीस वर्षांची बाई.

नातेवाइकांनी तक्रार दिली. चौकशी होणार असं कळलं.

सोमवारी सकाळी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बस."

सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला बस म्हटलं. मी खुर्चीच्या कडेला टेकले.

"एक केस कमी आहे ना तुझी?"

"हो मॅडम."

"पेडगावची लिही. रजिस्टरमध्ये केस कुणी केली तो रकाना कोरा आहे. सिस्टरशी मी बोललेय. मी आत्ता सही करते, फॉर्म आजच जाईल. मानवतच्या डॉक्टरांनाही फोन करते. चौकशीचं मी बघते. फार तर समज देतील तुला. शिकाऊ मुलगी म्हणून सोडून देतात."

त्यांनी स्वतःचा पेन माझ्यापुढं ठेवला.

मी पेन उचलला. खोटं कशाला सांगू? मी लिहायला लागले. तारीख लिहिली. बाईचं नाव, गाव, वय. मुलीचं वजन. अक्षर छान येत होतं. मनात आलं, वीस झाल्या. आईची आठवण आली.

मग पान उलटलं. पुढं पाव-पाव तासाच्या निरीक्षणाचे रकाने. आठ रकाने. नाडी, गर्भाशय, रक्तस्राव.

"नॉर्मल, नॉर्मल लिहीत जा," मॅडम म्हणाल्या. "पहिले तीन तरी."

पेन थांबला. पहिल्या पाव तासाला मी कुठं होते? दुसऱ्या? मला पायऱ्या दिसायला लागल्या. बोरीच्या बाईचं बाळ जिवंत, रडणारं, तवा ती केस माझी नव्हती. पेडगावची बाई रक्तात पडली, तवा ही केस माझी. आणि मधल्या वेळात मी कोण? तर आत पाऊल टाकायला परवानगी मागणारी. मला येत होतं. मला कळत होतं. तरी मी माझं शिकलेलं सगळं बादलीत घातलं आणि अदबीनं जिना उतरले. उपकाराच्या ओझ्यानं माझी मान वाकली असेल तर वाकू दे. पण त्या अदबीनं दुसऱ्या बाईचं रक्त गेलं.

मी तीन रकान्यांवर आडवं लिहिलं. "या वेळी मी ट्यूटर मॅडमच्या सांगण्यावरून जिना पुसत होते. केस माझी नाही. कॉटजवळ कुणी नव्हतं. मी स्टूल रिकामं बघितलं आणि आत गेले नाही. बाळंतिणीच्या आईनं गार लागतंय सांगितलं, तरी आत गेले नाही." खाली सही केली. पूर्ण नाव लिहिलं.

मॅडमनी वाचलं. ओरडल्या नाहीत.

"हे पान फाड."

"पानांना नंबर आहेत, मॅडम."

"मी तुझ्यासाठी काय नाही केलं?"

"केलंत. मरेपर्यंत विसरणार नाही."

"मग?"

मी उठले. बुक उचललं, छातीशी धरलं आणि बाहेर आले. बाहेर आल्यावर रडले. भीतीनं रडले, दुसरं काही नाही.

माझा फॉर्म गेला नाही. परीक्षा सहा महिन्यांनी पुढं गेली, तवाही बसू देतील की नाही सांगता येत नाही. मानवतला दुसरी मुलगी लागली. ऋतुजाचा फॉर्म गेला. होस्टेलात पोरी माझ्याशी बोलत नाहीत, मी ताटलीत वाढून घेतलं की टेबल रिकामं होतं. छबूमावशीला सांगितलं तर म्हणाली, "शहाणी झालीस, पण लय महागात." मला रात्री झोप येत नाही आणि दिवसा कुणी हाक मारली की मी दचकते. मी धीट झालेली नाही. तसं कुणी समजू नये.

चौकशीला मला अजून कुणी बोलावलेलं नाही. बोलावतील असं वाटत नाही. न बोलावता जाणार आहे.

त्या पानाच्या मी तीन झेरॉक्स काढल्या आहेत. एक चौकशी करणाऱ्यांसाठी. एक कौन्सिलसाठी. तिसरी पेडगावला घेऊन जायची आहे, त्या आजीकडं. तिला वाचता येत नाही. मी तिच्यासमोर बसून वाचून दाखवणार. ती मला दारात उभी करणार नाही, शिव्या देईल, कदाचित तोंडात मारेल. मारू दे. मी आधी तिला सांगणार की तू ज्या बाईला बघ म्हणालीस तिला सगळं कळत होतं. मग पान वाचणार, आणि जिथं माझी चूक लिहिली आहे तिथं आवाज बारीक करणार नाही.