खंडेनवमीचं तीर्थ आणि बेंगळूरची कॉफी

दसऱ्याला बेंगळूरला जायचं की नाही, हे ठरवायला मला बरेच दिवस लागले. अडचण तिकिटाची नव्हती. चैत्रात गावच्या देवीपुढं बेलभंडारा उचलून मी दारू सोडली होती. आणि माझ्या सासुरवाडीला, बेंगळूरच्या गवीपुरातल्या जुन्या मराठी घरात, खंडेनवमीला तलवारीपुढं दारूचा नैवेद्य दाखवायची चाल आहे. पूजा झाली की ती वाटी तीर्थ म्हणून आधी जावयाच्या हातात येते.

"आता तसलं काही नसतं," माझी बायको सुमन म्हणाली. "अण्णानं नारळपाणी सुरू केलंय. अक्कानंच कळवलंय."

अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ, अक्का त्याची बायको. मी विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करणारा मिस्त्री. ऐकीव माहितीवर यंत्राला हात लावत नाही. पण सुमन कितीतरी वर्षांत माहेरी गेली नव्हती. निघालो.

मिरजेहून मीटरगेजची गाडी धरावी. तिसऱ्या वर्गात जागा हवी असेल तर लवकर जाऊन खिडकीतून वळकटी आत टाकावी. डोळ्यांत कोळशाची पूड जाते, तेव्हा इंजिनाकडे तोंड करून बसू नये. हुबळीच्या पुढं बोली बदलते, अरसीकेऱ्याला वडे फार चांगले मिळतात आणि सकाळी माती लाल झालेली दिसते. बेंगळूरला उतरलो तर ऐन आश्विनात अंगावर शिरशिरी आली. स्टेशनाबाहेर टांग्यासारखी गाडी उभी असते, तिला जटका म्हणतात. भाडं आधी ठरवावं आणि आत वाकून बसावं. माझं डोकं दोनदा छताला लागलं.

गाव मला आवडलं. नवं विधानसौध मी बराच वेळ खालून पाहत राहिलो, एवढा दगड वर चढवला कसा असेल म्हणून. बसवनगुडीचा नंदी एकाच शिळेचा आहे, आणि सकाळी त्याच्या अंगाला पूजेच्या लोण्याचा वास येतो. दिवस सहज जायचे. अवघड होती ती दिवेलागणीची वेळ. चैत्रापर्यंत कित्येक वर्षं त्या वेळी माझा हात कधी रिकामा राहिला नव्हता.

पहिल्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत होतो. अक्कानं न विचारता पितळी पेला आणि वाटी पुढं केली. कॉफी इतकी कढत की घोट घेता येईना. या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची, फुंकर घालायची, परत ओतायची. संपेपर्यंत बाहेर अंधार पडला होता. दुसऱ्या दिवशीही मी त्याच वेळी तिथंच जाऊन बसलो.

"काय दाजी, बायकांत बसायला लागला की हो!" अण्णा दारातून हसला.

"बसू द्या त्यांना," अक्का म्हणाली. "तुम्ही एवढी वर्षं बाहेर बसून काय मोठं केलंत?"

खंडेनवमीला पाटावर घराण्याची तलवार मांडली. शेजारी अण्णाच्या कारखान्यातल्या लेथवरची हत्यारं, अक्काची कात्री, आणि सुमननं हट्टानं बरोबर आणायला लावलेला माझा पाना. झेंडू वाहिले, आरती झाली. मी वाटीतल्या नारळपाण्याकडे पाहत निवांत उभा होतो. तेवढ्यात अण्णानं ती वाटी बाजूला सारली आणि पाटामागून बाटली काढली.

"नारळपाणी एरवीचं. आज जावई आलाय. मुद्दाम लष्करी छावणीतल्या दुकानातून आणलीय."

सुमन जागीच थिजली. मी सोडल्याचं तिनं माहेरी सांगितलं नव्हतं, मीच नको म्हणालो होतो. नैवेद्य दाखवून झाला आणि वाटी माझ्यासमोर आली. वास ओळखीच्या माणसासारखा जवळ आला. माझा हात मला न विचारताच पुढं झाला होता. आता हा काय करतो, असं मी त्याच्याकडे परक्यासारखा पाहत राहिलो. मग तो दुसऱ्या हाताला जाऊन जुळला.

"अण्णा, देवीनंच माझी दारू सोडवलीय. तिच्याच पुढ्यातली परत कशी घेऊ?"

"तीर्थ आहे हे दाजी, दारू नव्हे."

"माझ्या अंगाला तो फरक कळत नाही."

तीर्थ नाकारलं होतं मी. असं मी जन्मात कधी केलं नव्हतं. अक्का पुढं आली, वाटी घेतली. "सरी, बरं तर. ज्याची पूजा त्यालाच देऊ की," म्हणत तिनं थोडी तलवारीवर ओतली, उरलेली माझ्या पान्यावर.

"गाडीत बसेपर्यंत पाना शुद्धीवर येईल न्हवं?" अण्णा म्हणाला आणि सगळे हसले. सुमन हसता हसता डोळे पुसत होती. अण्णानं स्वतःची वाटी घेतली. मग आणखी एक.

दसऱ्याच्या सकाळी तो मला लालबागेत घेऊन गेला. तिथल्या खडकाच्या टेकडीवर अनवाणी चालून पाहा, दगड उन्हानं तापायच्या आत. अण्णा पुढं होता. मागं न पाहताच त्यानं विचारलं, "पहिले दिवस झोप येते का, दाजी?"

"नाही."

"हात?"

"थरथरतात. मग हळूहळू थांबतात."

"स्वल्प बसू," म्हणत तो खडकावर टेकला. "लेथवर माप चुकायला लागलंय माझं. कामगार बोलत नाहीत. मीच बघतोय."

दिवेलागणीला हातात काहीतरी कढत धरावं, एवढंच म्हणालो.

निघायच्या दिवशी चिकपेटेच्या बाजारात पितळी पेला-वाटीचे दोन जोड घेतले. स्टेशनावर एक अण्णाच्या हातात दिला.

"मला कॉफी आवडत नाही, दाजी."

"मलाही आवडत नव्हती."

घरी येऊन आता महिना होत आला. पान्यावरचा कुंकवाचा डाग तेलानंही निघाला नाही, मीही फार घासला नाही. इथं तशी कॉफी मिळत नाही. सुमन चहाच ओतते, पण कढत. पेला हातात घेतला की मनात येतं, गवीपुरात या वेळी अण्णाच्या हातात काय असेल? मला ठाऊक नाही. दिव्याला हात जोडताना देवीपुढं एक नाव जास्त घेतो, आणि मग फुंकर घालत बसतो.