गणपतरावांच्या नावानं सतरा वर्षं

शिरोळच्या क्रांती नावाच्या पोरीबद्दल सांगायचं तर आधी माझा गाढवपणा सांगावा लागतोय. इलाज न्हाय.

मी जोतीराम, कोल्हापुरातल्या एका शाळेचा क्लार्क. महापुरात आमच्या जुन्या रजिस्टरांचा लगदा झाला. नशीब, आमचे हेडक्लार्क गणपतराव यांनी त्याआधीच पानन् पान स्कॅन करून मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवलं होतं. आमच्या चार टेबलांवरचे कॉम्प्युटर वायरीनं त्यालाच जोडलेले. गेल्या जूनमध्ये, एका शनिवारी, गणपतराव निवृत्त झाले. शाल दिली, नारळ दिला, फेटा बांधला. कार्यक्रम झाल्यावर मी हेडमास्तरांच्या कपाटातला मुख्य पासवर्ड घेऊन मोठ्या कॉम्प्युटरवरनं त्यांचं नाव पुसून टाकलं. म्हटलं, आता ह्या माणसाला सुखानं घरात बसू दे.

सोमवारी चारी टेबलांवर एकच पाटी: परवानगी नाही.

आणि नेमकी त्याच दिवशी नेसरीहून बनाबाई आली. लहानपणी मामाकडं राहून आमच्या शाळेत सातवी झालेली. तिकडच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकिणीची पक्की नोकरी मिळत होती, पण शाळेचा दाखला त्याच दिवशी पाचच्या आत पोचवायचा होता. अडीचची एसटी चुकली की नोकरी गेली. बाई मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसली आणि माझ्याकडं बघत राहिली.

मी वायरी उपसल्या, परत खोचल्या. पासवर्ड दहादा टाकला. मग फोनवर क्रांतीला झापलं, "तुझी मशिनं बंद पडल्यात! ये आधी!" शाहूपुरीत तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान हाय, आमची मशिनं तीच बघती. बाप ऊसवाला, ही पोरगी ट्रॅक्टरची इंजिनं खोलत मोठी झालेली. कुणाच्या बापाला भीत न्हाय.

आली. वायर तपासून म्हणाली, "रस्ता चालू हाय, काका. दारात कोण अडवतंय ते बघू. तुम्ही आत कुणाच्या नावानं जाता?"

"गणपतरावांच्या."

"आणि बाकीची?"

"सगळीच की. सतरा वर्षं."

तिनं कपाळावर हात मारला. "अवो, मग तुम्ही सगळ्या ऑफिसलाच निवृत्त केलंय की!"

मला मिरच्या झोंबल्या. "एवढंच व्हय? घाल त्यांचं नाव परत."

तिनं कपाटातला मुख्य पासवर्ड मागवून घातलं. तेच नाव, तोच पासवर्ड. तरी पाटी तीच!

"नाव तेच असलं तरी मशीनच्या लेखी हा नवा माणूस," ती म्हणाली. "जुन्याची परवानगी ह्याला आपोआप मिळत न्हाय."

एक वाजून गेलेला. बनाबाईनं पदरानं डोळे पुसले. सन्मान करायला गेलो आणि ह्या बाईच्या पोटावर पाय दिला.

क्रांतीनं मुख्य पासवर्डनं सगळी कागदपत्रं त्या मुख्य नावाच्या ताब्यात घेतली, आणि आम्हा चौघांची चार वेगळी नावं घालायला बसली. कुणी काय बघायचं, कुणी काय बदलायचं, एकेकाला विचारून. मी घाई करत होतो, "सगळ्यांना सगळं देऊन टाक की!"

"न्हाय. तुमच्या हातनं परत काय पुसायला नको."

मी चिठ्ठीवर बनाबाईचं नाव आणि साल लिहून तयार ठेवलं.

दोनला दहा कमी असताना बनाबाईचं पान उघडलं. दाखला निघाला, आणि खाली 'तयार करणार' म्हणून माझं नाव. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा! क्रांतीनं कामापुरतं स्वतःसाठी घातलेलं नाव मात्र पुसलं. "बाहेरच्याचं नाव आत ठेवायचं नसतं, काका," म्हणाली, आणि बनाबाईला स्कूटरवर बसवून स्टँडवर सोडून आली.

पंधरवड्यानं बनाबाई परत आली, भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन. नोकरी लागली होती. "कागदावर तुमचं नाव हाय, मग तुम्हालाच दिल्या पायजेत," म्हणाली. त्या शेंगांना हात लावायचं मला धाडस झालं न्हाय. तिला घेऊन थेट शाहूपुरीत गेलो. क्रांती कुठलंसं मशीन खोलून बसलेली.

म्हटलं, "बनाबाई, हिचं नाव कुठल्याच कागदावर न्हाय. पण मी दार बंद केलतं आणि हिनं उघडलं. माझ्यावरबी उपकार हायत हिचे."

बनाबाई म्हणाली, "ओढणी पसर, बाई." आणि पिशवी उपडी केली.

"अवो मावशी, माझं कामच हाय की हे!" क्रांती शेंगा सावरत ओरडली.

"असंल. पण पुरात माझी सातवी बुडालती, पोरी. तू वर काढलीस."